हॉलमधला फायकस आणि आपला अनर्थदंड



हल्ली हिंगोलीत कुणाच्याही गृहप्रवेशाला गेलं की हॉलमध्ये सोफ्याच्या कोपऱ्यात एक झाड दिसतं. बारीक चकचकीत पानं, वेणीसारखं गुंफलेलं खोड, पांढरी कुंडी. हा फायकस बेंजामिना. दुसऱ्या एखाद्या घरी जाड पानांचा रबर प्लांट असतो, आणि मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला असली तर मोठमोठ्या पानांचं फिडल लीफ. तिन्ही झाडं एकाच कुळातली, म्हणजे आपल्या वडा-पिंपळाच्या आणि उंबराच्या. सहा महिन्यांनी त्याच घरी हळदीकुंकवाला जावं तर कोपऱ्यात नवं झाड असतं, नाहीतर प्लास्टिकचं. पहिल्याचं काय झालं विचारलं की सहज उत्तर येतं, "अहो, पानं गळाली सगळी. टाकून दिलं."

या झाडांबद्दल आपल्या बायकांत दोन मतं ऐकू येतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, उंबराच्या जातीचं झाड जैनाच्या घरात नकोच, ते आपल्याला वर्ज्य आहे. सुना म्हणतात, काय काकू, शोभेचं तर झाड, मेलं तर दुसरं आणू. मला पहिलं मत शास्त्राला धरून वाटत नाही. दुसरं तर मला त्याहून जास्त खटकतं, आणि आजचं लिहिणं मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी पहिल्या मताचं बघू. आपल्याला पाच उदुंबर फळं वर्ज्य आहेत: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्य, मांस, मधाच्या जोडीला या पाच फळांचा त्याग सांगितला आहे, आणि पाठशाळेतली मुलंसुद्धा आठ मूलगुणांत ही नावं घडाघडा म्हणतात. कठूमर म्हणजे अंजीर, असं धरून आपल्यातली बरीच घरं सुकं अंजीरही घेत नाहीत. (डॉक्टर हिमोग्लोबिनसाठी सांगतात तेव्हा सुनांची पंचाईत होते, पण तो विषय वेगळा.)

या त्यागामागचं कारण आजच्या वनस्पतिशास्त्रालाही पटण्यासारखं आहे. उंबर किंवा वडाचं जे फळ आपण म्हणतो ते आतून बंद पिशवीसारखं असतं आणि फुलं त्या पिशवीच्या आत असतात. टोकाच्या बारीक तोंडातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी आत शिरते, फुलांवर पराग पोचवते, अंडी घालते आणि बहुतेक वेळा तिथेच मरते. पिल्लं आतच वाढतात. म्हणजे त्या फळात त्रस जीव असायचेच. पिकलेलं उंबर फोडून बघा, सूक्ष्मदर्शक लागत नाही. आचार्यांनी हे डोळे उघडे ठेवून लिहिलेलं आहे.

पण त्याग फळ खाण्याचा आहे, झाडाचा नाही. आदिनाथ भगवंतांना केवलज्ञान झालं ते वडाखाली, अनंतनाथांना पिंपळाखाली. आपल्या शिरड शहापूरला ज्यांच्या दर्शनाला आपण जातो त्या मल्लिनाथांचा वृक्ष अशोक. (बंगल्याच्या फाटकाशी लावतात तो उंच सरळसोट नव्हे, लाल-केशरी फुलांचा खरा अशोक.) ज्या झाडाखाली तीर्थंकरांना केवलज्ञान झालं, ते झाड घरात आलं म्हणून विटाळ कसला? आणि हॉलमधल्या कुंडीत बेंजामिनाला फळं सहसा धरतच नाहीत. धरलीच तर मण्याएवढी असतात, ती कुणी खात नाही. तेव्हा ज्येष्ठांनी याची चिंता सोडावी.

आता दुसरं मत, "मेलं तर दुसरं आणू."

मी कॉमर्सची. कॉलेजात शिकवलं होतं की फर्निचर ही मालमत्ता, त्यावर दरवर्षी घसारा धरायचा आणि शेवटी भंगारात काढायचं. फायकस आपण नेमका याच खात्यात टाकला आहे. नर्सरीतून सोफ्याला शोभेल असा उंचीने निवडायचा, उतरला की भंगार. पण तो एकेंद्रिय जीव आहे. त्याला स्पर्शेंद्रिय, कायबळ, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य असे चार प्राण आहेत, हे आपणच मुलांना शिकवतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही, आणि तीच बाई पानं गळालेलं जिवंत झाड कुंडीसकट घंटागाडीत टाकते. मला हे बघवत नाही. ताळेबंदात लिहायचंच झालं तर असं झाड मालमत्तेच्या बाजूला नाही, देण्याच्या बाजूला लिहिलं पाहिजे. घरात आणलं त्या दिवसापासून आपण त्याचं देणं लागतो.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं. संसारात हिंसा पूर्ण टळत नाही, हे आचार्यांना ठाऊक होतं. चूल पेटवावी लागते, भाजी चिरावी लागते. पण जिथे काही प्रयोजनच नाही, नुसती बेफिकिरी आहे, तिथे दोष आहे. शोभेसाठी तिसऱ्यांदा आणलेलं आणि तिसऱ्यांदा मारलेलं झाड याच सदरात येतं, असं माझं स्पष्ट मत आहे. याचा अर्थ घरात झाडं ठेवूच नयेत असा मी काढत नाही. पण ठेवायचं तर त्याचा स्वभाव समजून घेऊन ठेवावं.

तो स्वभाव असा. बेंजामिना मूळचा आपल्याच बाजूचा, भारतापासून आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंतचा. रबर प्लांट आपल्या ईशान्येकडचा. मेघालयात ज्या झाडाच्या मुळांचे जिवंत पूल बांधतात तेच हे. फिडल लीफ मात्र पश्चिम आफ्रिकेतलं. तिन्ही झाडं उबदार आणि दमट हवेची. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बराच माल आंध्रातल्या कडियमच्या बाजूचा असतो, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातला, म्हणजे ओलसर हवेत वाढलेला. तिथून ट्रकमध्ये, मग नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली, आणि मग एकदम आपल्या हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, आत कुलरचा झोत. त्या झाडाने पानं गाळली नाहीत तरच नवल.

पानं गळणं म्हणजे मरण नव्हे, हे कृपा करून लक्षात घ्या. प्रकाश बदलला की बेंजामिना जुनी पानं टाकतो आणि नव्या प्रकाशाला साजेशी नवी काढतो. त्याला महिना-दीड महिना लागतो. आपण मात्र आठव्या दिवशी हाय खातो, मग त्याला गॅलरीत नेतो, मग बेडरूममध्ये, मग परत हॉलमध्ये, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा पानं गाळतो. शंका आली तर एक बारीक काडी हलकेच वाकवून बघा. लवली तर झाड जिवंत आहे. कटकन मोडली तर फक्त ती काडी वाळली आहे, खालचं झाड जिवंत असू शकतं. माझ्या जाऊबाईंनी टाकायला काढलेला एक रबर प्लांट मी घरी आणला तेव्हा त्याला एकच पान होतं. खिडकीशी एका जागी ठेवला, बाकी काही केलं नाही. आता तो माझ्या खांद्याला लागतो.

जागा कशी निवडावी? माझा नियम सोपा आहे. दिवसा दिवा न लावता जिथे बसून तुम्ही पोथी वाचू शकता, तिथे फायकस ठेवा. अक्षर दिसेना तिथे झाडही जगत नाही. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर उत्तम. पश्चिमेची वैशाखातली उन्हं थेट पानांवर नकोत, आणि कुलरचा किंवा एसीचा वाराही नको. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. पाहुणे येणार म्हणूनसुद्धा नाही.

पाण्याची वेळ कॅलेंडर बघून ठरवू नका, बोटाने ठरवा. मातीत बोट दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. फायकस तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच जास्त मरतात. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण म्हणतो तहानेलं दिसतंय, अजून घालू. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी लगेच काढून टाकायचं. त्यात डासांची अंडी होतात. मग डास मारण्याचा प्रसंग येतो. ज्या घरात पाणी गाळून वापरतात त्या घरात बशीत अळ्या पोसायच्या, हे बरं दिसत नाही. आणखी एक, डाळ-तांदळाचं धुवण घालू नका. उघड्या बागेत ते ठीक, पण घरातल्या कुंडीत आंबतं आणि चिलटं होतात. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, त्याने मातीवर पांढरा थर चढतो. तो थर वरवर काढून नवी माती घालावी. आरओचं वाया जाणारं पाणी झाडाला द्यावं असं कुणी सुचवतं. काटकसर म्हणून छान वाटतं, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरा.

कुंडी दोन-तीन वर्षांतून एकदा बदलावी लागते. नर्सरीवाले पावसाळ्यात बदला म्हणतात, पण चातुर्मासात माती उकरणं आपल्यातल्या पुष्कळ जणी टाळतात, आणि टाळावंच. तेव्हा मातीत जीव जास्त असतात. फाल्गुनात बदला. थंडी सरलेली असते, उन्हाळा कडक व्हायचा असतो आणि झाड नव्या पालवीच्या तयारीत असतं. हे काम करताना फांदी दुखावली तर पांढरा चीक निघतो. तो अंगाला लागू देऊ नका, काहींना खाज सुटते. लहान मूल रांगत असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आणि दशलक्षणात आपण एकाशन करू, उपवास करू. झाडाचा उपवास नसतो. शिखरजीच्या यात्रेला पंधरा दिवस निघताना घराची किल्ली शेजारी देतो, दुधाचं बिल चुकतं करतो आणि कुंड्या तशाच सोडतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा अन्नपाननिरोध आहे. तो आश्रित जनावरांना धरून सांगितलाय हे मला माहीत आहे. पण जे आपल्या हातावर अवलंबून आहे, बाहेर जाऊन पाणी शोधू शकत नाही, त्याला तो लागू नाही असं म्हणायला माझं मन धजत नाही. जाण्याआधी भरपूर पाणी घालून निथळू द्यावं, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, पडदा अर्धा ओढावा आणि शेजारच्या वहिनींना आठवड्याने एकदा बोट घालून बघायला सांगावं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, किडीचा. फायकसवर पिठ्या ढेकूण येतो, पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यासारखा. कापूस लावणाऱ्या आपल्या घरांत तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कधी खवले कीड येते, उन्हाळ्यात लाल कोळी. त्याच्या चिकट रसावर मुंग्या येतात. मग नर्सरीवाला बाटली देतो, फवारा म्हणतो. एका एकेंद्रियाला वाचवायला शेकडो त्रस जीव मारायचे? आपल्या हिशेबात हा व्यवहार तोट्याचाच आहे. "कडुनिंबाचं तेल नैसर्गिक आहे" म्हणून कुणी समाधान करून घेतं, पण ते मारायलाच फवारायचं ना?

माझ्या मते यावर उपाय आधी करायचा असतो, नंतर नाही. झाड विकत घेतानाच पानाच्या खालची बाजू आणि पानाच्या बेचक्या निरखून बघा, पांढरं काही दिसलं तर घेऊ नका. आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. दर आठवड्याला ओल्या मऊ सुती फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ जाते, झाडाला उजेड मिळतो आणि लाल कोळ्याला कोरडी धुळकट पानं लागतात ती मिळत नाहीत. खताचा मारा करू नका. जास्त खताने कोवळी लुसलुशीत पालवी फुटते आणि किडीला तीच हवी असते. एवढं करूनही आली, तर सुरुवातीलाच, दोन-चार पानांवर असताना, ती पानं हलक्या हाताने काढून बाहेर सावलीत मातीवर ठेवावीत. त्यातले सगळे जीव वाचतात असा माझा दावा नाही. पण हे आणि विषाची बाटली यांत यत्नाचाराचा फरक आहे. आमच्या घरात मुंग्यांचा खडूसुद्धा येत नाही, आणि आजवर एकही फायकस किडीने गेलेला नाही.

एक गैरसमज जाता जाता. मोबाईलवर फिरतं की फायकस घरातली हवा शुद्ध करतो, नासाने सांगितलंय. नासाचा तो अभ्यास 1989 चा, लहान हवाबंद पेट्यांत केलेला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास एकत्र तपासले. साध्या घरात खिडकीतून येणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा.

बोन्सायबद्दल मात्र मी ठाम आहे, आपल्या घरात नको. संगमनेर तालुक्यात पेमगिरीला वडाचं झाड आहे, एकराहून जास्त पसरलेलं. आंध्रातल्या थिम्मम्मा मर्रिमानु या वडाची 1989 मध्ये गिनेस बुकात नोंद झाली, त्याचा पसारा जवळजवळ पाच एकरांचा. त्या जातीच्या झाडाला वीतभर ताटलीत बसवायचं, फांद्यांना तारा गुंडाळायच्या, दर थोड्या वर्षांनी मुळं कापायची. बंध, छेद, अन्नपाननिरोध, अतिचारांची यादी डोळ्यासमोर येते. नांदेडची माझी एक मैत्रीण बोन्साय करते. ती म्हणते, तुम्ही कुणी रोज झाडाकडे बघत नाही तेवढं मी बघते, माझा वड शंभर वर्षं जगेल. तिचं म्हणणं खोटं नाही. ती खरोखर जीव लावते, आणि काळजीने जपलेलं बोन्साय दीर्घकाळ टिकतं. तरीही जपण्याच्या आधी तोडायचं कशासाठी, याचं उत्तर तिच्याकडे "सुंदर दिसतं" एवढंच आहे. मला ते पुरेसं वाटत नाही.

मग घरात वडा-पिंपळाचं झाड हवंच असेल तर? एक मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. जुन्या मंदिरांच्या भिंतीत, शिखराच्या सांध्यांत, गच्चीच्या कठड्यात पिंपळाची आणि वडाची रोपं उगवतात. पाखरं फळं खाऊन बी टाकतात, त्यातून येतात. ती राहू दिली तर मुळं दगड फोडतात. चार बोटांचं रोप दहा वर्षांत भिंत उलथवतं. म्हणून कमिटीला ती काढावी लागतात. काही ठिकाणी माळी मुळावर ॲसिड ओततात, ते मी पाहिलं आहे. त्यापेक्षा रोप बोटभर असतानाच, भिंतीवर पाऊस मुरून सांधे ओले असताना, मुळासकट अलगद निघतं. ते कुंडीत लावून ओट्यावर किंवा भरपूर उजेडाच्या खिडकीशी दोनेक वर्षं सांभाळता येतं. या काळात ते आपलं घरातलं झाड. शोभा म्हणाल तर पिंपळाच्या कोवळ्या तांबूस पानाइतकं सुंदर पान नर्सरीतल्या कुठल्याच झाडाला नसतं. कंबरेएवढं झालं की ते जमिनीत गेलं पाहिजे. मात्र घराजवळ, विहिरीजवळ किंवा पाण्याच्या टाकीजवळ नाही, गायरानात किंवा शेताच्या मोठ्या बांधावर.

सध्या आमच्या ओट्यावर अशी तीन रोपं आहेत, दोन पिंपळ आणि एक वड. मृगाचा पाऊस झाला की चातुर्मास बसायच्या आत ती लावायची आहेत. वसमत, कळमनुरी किंवा औंढ्याकडच्या ज्या मैत्रिणींच्या शेतात जागा असेल आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला घरचं माणूस असेल, त्यांनी जेठ लागायच्या आत मला कळवावं. कुंड्या तेवढ्या परत हव्यात.